पाच जण, माणशी आठ हजार: बदामी ते हंपी कमी पैशात नीट कसं बघाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले पाच मित्रमैत्रिणी, नुकतेच नोकरीला लागलेले. डिसेंबरात आठ दिवसांची रजा, खर्चाची मर्यादा माणशी आठ हजार रुपये, आणि बघायच्या यादीत अजिंठा, वेरूळ, सांची, खजुराहो, कोणार्क आणि हंपी. हे एवढ्यात बसेल का, आणि बसवायचं तर कसं?

यादी बसणार नाही. पैसा जमवलात तरी बसवू नये असं माझं मत आहे. नकाशा उघडून बघा. एकट्या कोणार्कला पुण्याहून जायला दीड हजार किलोमीटरहून जास्त रेल्वेप्रवास आहे. आठातले निम्मे दिवस गाडीत जातील आणि उरलेल्या दिवसांत प्रत्येक ठिकाणी दोन-दोन तास मिळतील. गटांना घेऊन मी बऱ्याच वर्षांपासून अशा ठिकाणी जाते, आणि कमी पैशाच्या सहली कशानं फसतात हे जवळून पाहिलं आहे. तिकीट किंवा खोली महाग पडली म्हणून त्या क्वचितच फसतात. ठिकाणं फार आणि अंतरं लांब, त्यात रोज सामान बांधायचं, रोज नवी खोली शोधायची आणि रोज नव्या रिक्षावाल्याशी घासाघीस करायची. पैसा यात गळतो, आणि गटात कुरबुरी सुरू होतात त्याही यातूनच.

म्हणून माझा सल्ला: एकच पट्टा निवडा, मुक्काम दोनच ठेवा, आणि त्या पट्ट्यातली ठिकाणं ज्या क्रमानं घडली त्या क्रमानं बघा. तुमच्यासाठी हा पट्टा उत्तर कर्नाटकातला: बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि शेवटी हंपी. पुण्याहून एका रात्रीच्या अंतरावर आहे, जेवण आपल्या तोंडचं आहे, बाजारात हिंदी आणि मोडकी मराठी चालून जाते. त्यातही बदामीचा इतिहास महाराष्ट्राच्या इतिहासात इतका गुंतलेला आहे की इथे तुम्हाला परकं वाटणार नाही.

आधी खर्च मांडते, म्हणजे पुढचं निश्चिंत वाचता येईल. आकडे ढोबळ आहेत, हंगामाप्रमाणे हलतील. स्लीपरचं जाणं-येणं माणशी साडेसातशे-आठशे. पाच रात्रींच्या खोल्या, एक दोघांची आणि एक तिघांची, मिळून रोज अडीच हजार धरल्या तर माणशी अडीच हजार. जेवणखाण रोज चारशे धरून चोवीसशे. स्थानिक गाड्या, रिक्षा, सायकली, बस मिळून माणशी अकराशे-बाराशे. दोन दिवस वाटाड्या घेतलात तर त्याचे माणशी पाच-सहाशे. स्मारकांची तिकिटं? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ज्या स्मारकांना तिकीट आहे, तिथे जागतिक वारसास्थळांना भारतीयांसाठी ४० रुपये आणि बाकीच्यांना २५. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी. पट्टदकल आणि हंपी पहिल्या गटात, बदामीच्या लेण्या आणि ऐहोळे दुसऱ्या. अख्ख्या सहलीत तिकिटांवर दीडशे रुपयेसुद्धा जाणार नाहीत. बेरीज साडेसात हजारांच्या आसपास येते आणि अडीनडीला पाचशे उरतात.

या हिशोबात एक गोष्ट लक्षात घ्या. वाटाड्याचे पैसे वाचवायचा मोह होईल. वाचवू नका. हवं तर एका रात्री बाहेरून मागवण्याऐवजी खानावळीत जेवा, पण बदामीत अर्धा दिवस आणि हंपीत एक दिवस जाणकार माणूस बरोबर घ्या. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला बघा, दर आणि तास आधी ठरवा. पाच जणांत वाटला की तो खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढाच पडतो.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहा जणांची नावं बसतात, त्यामुळे पाचही जणांचं एकत्रच काढा. मुंबईहून पुणे, सोलापूर, विजयपुरा, बागलकोट करत गदगकडे जाणाऱ्या गाडीला बदामी स्टेशन लागतं. पुण्याला गाडी मध्यरात्रीनंतर येत असेल तर तारीख दोनदा तपासा. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणजे तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं, आणि इथे गोंधळ हमखास होतो. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे. बाहेर टमटम आणि रिक्षा असतात.

शुक्रवारी रात्री निघा असं मी म्हणते त्याला कारण आहे. पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. शनिवारी बदामीत पोहोचून गुरुवारी हंपीहून निघालात तर एकही संग्रहालय चुकत नाही. आणखी एक तारीख बघा: पौष पौर्णिमेला बदामीजवळ बनशंकरीची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्रातल्या अनेक घरांचं ते कुलदैवत. जत्रा बघायची असेल तर मुद्दाम जा, पण तेव्हा खोल्या मिळणं मुश्कील आणि मिळाल्या तर दर वेगळे. डिसेंबरच्या पूर्वार्धात जाल तर हा प्रश्न येत नाही, नाताळची गर्दीही टळते.

आता बदामी. जुनी वातापी, चालुक्यांची राजधानी. पुलकेशी पहिल्यानं इथल्या डोंगरावर किल्ला बांधला. त्याचा कातळावरचा लेख शके ४६५ चा, म्हणजे इ.स. ५४३ चा आहे. शनिवारी दुपारी सामान टाकून लगेच लेण्यांत जाऊ नका. आधी अगस्त्य तळ्याच्या काठानं संग्रहालयाकडे जा, ते बघा, आणि ऊन उतरताना तळ्याच्या दुसऱ्या टोकाला भूतनाथ मंदिरांच्या पायऱ्यांवर जाऊन बसा. तिकीट नाही, घाई नाही. समोर तळं, दोन्ही हातांना लाल वालुकाश्माचे कडे, आणि त्यातल्या दक्षिणेकडच्या कड्यात उद्या बघायच्या लेण्या. गावाची रचना एकदा इथून डोळ्यांत बसली की पुढचं सगळं सोपं होतं.

रविवारी सकाळी लेणी उघडताच आत. पहिल्या लेण्याच्या बाहेरच अठरा हातांचा नटराज आहे. बहुतेक लोक फोटो काढून पायऱ्या चढू लागतात. तुम्ही थांबा. धड एकच, पाय एकाच पवित्र्यात, आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले नऊ-नऊ हात. डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक हात निवडा, बाकीचे मनातून झाका. नाचातली एक मुद्रा तयार होते. आता दुसरी जोडी निवडा. नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी जोड्या. शिल्पकारानं दगडात हालचाल पकडायला काढलेली ही युक्ती पाच जणांनी आळीपाळीनं करून बघितली की कुणालाच तिथून हलावंसं वाटत नाही.

तिसरं लेणं सगळ्यांत मोठं, विष्णूचं. त्याच्या लेखात शके ५०० हे साल आहे, म्हणजे इ.स. ५७८. मंगलेश या चालुक्याचा तो लेख. इतकी नेमकी तारीख असलेलं लेणं मिळणं दुर्मीळ आहे, म्हणून भारतीय शिल्पकलेचा काळ ठरवताना अभ्यासक इथे परत परत येतात. आत शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू आहे. झोपलेला आपण सगळीकडे बघतो, बसलेला क्वचित. खांबांच्या वरच्या तिरक्या आधारांवर जोडप्यांची शिल्पं आहेत, ती मान वर करून एकेक बघा. चौथं लेणं जैन, लहान आणि शांत. इथली माकडं मात्र धीट आहेत. हातात खाण्याची पिशवी किंवा बाटली दिसली की झडप घालतात, म्हणून सगळं सॅकमध्ये आणि सॅकची चेन बंद.

दुपारी उत्तरेकडच्या किल्ल्यावर चढा. मालेगित्ती शिवालय बघा आणि परत या. संध्याकाळी गावातल्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगांची चटणी, दही. पोट भरतं, पैसे कमी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडत नाही.

सोमवार हा माझ्या मते अख्ख्या सहलीतला सगळ्यांत मोलाचा दिवस. दिवसभरासाठी गाडी ठरवा. अडीच हजारांच्या आसपास मागतील, पाच जणांत पाचशे. बदामी ते पट्टदकल बावीसेक किलोमीटर, तिथून ऐहोळे आणखी चौदा. बसनंही जाता येतं आणि ती स्वस्त पडते, पण फेऱ्या कमी आहेत. बस पकडायच्या धास्तीत ऐहोळे अर्धवट टाकून यावं लागतं. गाडीवाला आधी पट्टदकलला थांबवू बघेल, कारण ते वाटेत लागतं. त्याला सांगा, आधी थेट ऐहोळे. तिथली मंदिरं आणि लेणी मुख्यतः सहाव्या-सातव्या शतकापासूनची, पट्टदकलचा बहर आठव्यातला. उलटं बघितलं तर ऐहोळे फिकं वाटतं. सुलटं बघितलं तर एक कला वयात येताना दिसते. शिवाय ऐहोळ्याची मेगुती टेकडी ऊन चढायच्या आत चढून होते.

ऐहोळ्याच्या दुर्ग मंदिराचा दुर्गादेवीशी संबंध नाही. दुर्ग म्हणजे किल्ला, तटबंदीला लागून होतं म्हणून ते नाव पडलं. मागची बाजू अर्धगोल आहे, बौद्ध चैत्यगृहांसारखी. कार्ल्याचं लेणं बघितलं असेल तर आकार ओळखीचा वाटेल. बाहेरच्या खांबांमधून उजेड आत येतो आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर भिंतीतल्या कोनाड्यांतल्या मूर्ती एकेक करून समोर येतात. लाडखान मंदिराचं छत बघायला विसरू नका: दगडी फरशांच्या सांध्यांवर ओंडक्यांसारखे लांब दगड बसवले आहेत. लाकडी बांधकामाची सवय असलेल्या हातांनी दगड हाताळला आहे, हे तिथे उघड दिसतं. रावणफडी लेणं गावापासून थोडं बाजूला आहे, म्हणून लोक टाळतात. टाळू नका.

आणि मेगुती. टेकडीवरचं जैन मंदिर, फारसं सजवलेलं नाही. पण त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा संस्कृत लेख आहे, शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४-३५. चालुक्य राजा पुलकेशी दुसऱ्यानं उत्तरेच्या हर्षवर्धनाला रोखलं ते या लेखात आहे. पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावं असलेल्या तीन महाराष्ट्रांचा अधिपती झाला, हेही याच लेखात आहे. शेवटी रविकीर्ती स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी या कवींशी करतो, आणि त्यामुळे कालिदास या तारखेच्या आधीचा हे नक्की ठरतं. पुण्याहून आलेल्या पाच जणांनी आपल्या प्रदेशाचं नाव चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीवर शोधावं, वाटाड्याकडून ओळ दाखवून घ्यावी. मला तरी या जागेइतकं दुसरं कुठलंच ठिकाण आपलं वाटत नाही.

दुपारनंतर पट्टदकल, मलप्रभेच्या काठी. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. इथे जायच्या आधी एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असावी, गाडीत कुणीतरी सांगा. ६४२ च्या सुमारास कांचीच्या पल्लव नरसिंहवर्मनानं वातापी जिंकली. शंभरेक वर्षांनी चालुक्य विक्रमादित्य दुसरा कांचीवर चालून गेला आणि ती त्यानं घेतली. पण शहर लुटलं नाही. तिथल्या कैलासनाथ मंदिराची संपत्ती पाहून ती त्यानं देवालाच परत केली, आणि तसा कन्नड लेख त्या मंदिरात कोरून ठेवला. या विजयाची आठवण म्हणून त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर बांधवलं. तिच्या बहिणीनं, त्रैलोक्यमहादेवीनं, शेजारचं मल्लिकार्जुन. विरूपाक्ष मंदिरावर कांचीच्या त्या कैलासनाथाची छाप स्पष्ट आहे. दक्षिणेचा नामांकित सूत्रधार, म्हणजे मंदिराचा मुख्य रचनाकार, सर्वसिद्धी आचारी याचं नावही मंदिरावरच्या लेखात आहे. कारागिरांची नावं मागे उरणं आपल्याकडे विरळा, म्हणून तो लेख शोधाच.

त्याच आवारात उत्तरेच्या नागर पद्धतीची वर निमुळती होत जाणारी शिखरं आणि दक्षिणेची पायऱ्या-पायऱ्यांची शिखरं, म्हणजे विमानं, शेजारी शेजारी उभी आहेत. नागर पद्धतीच्या गळगनाथ मंदिरासमोर उभं राहून मान वळवली की दक्षिणेच्या पद्धतीचं विरूपाक्ष. शाळेच्या पुस्तकात वाचलेला फरक इथे एका नजरेत कळतो. विरूपाक्षात आजही पूजा होते, तेव्हा चपला बाहेर आणि आवाज खाली. परतताना वेळ उरला तर महाकूट: झाडीतली मंदिरं, झऱ्याच्या पाण्याचं कुंड, आणि तिकीट नाही.

मंगळवारी सकाळी हंपीकडे. गदगमार्गे रेल्वे किंवा सरकारी बस, अंतर दीडशेच्या आत. कर्नाटकातला महिलांचा मोफत बसप्रवास त्या राज्यातल्या रहिवाशांसाठीच आहे, तुमच्यातल्या मुलींना तिकीट काढावं लागेल. गदगजवळ लक्कुंडी आहे, उत्तरकालीन चालुक्यांची फार सुंदर मंदिरं, अत्तिमब्बे या दानशूर स्त्रीनं बांधवलेलं १००७ च्या सुमाराचं जैन मंदिर. सकाळी लवकर निघून सामान सांभाळायची तयारी असेल तर दोन तास थांबा. नसेल तर सोडा, पुन्हा कधीतरी.

हंपी प्राचीन म्हणावं असं नाही. विजयनगरची स्थापना १३३६ ची, ज्या तालिकोटच्या लढाईत त्याचा पाडाव झाला ती १५६५ ची. पण बदामी-पट्टदकल बघून आलेल्या डोळ्यांना हंपी वेगळी दिसते, म्हणून ती शेवटी ठेवली. राहण्यासाठी दोन पर्याय: होसपेटेत लॉज स्वस्त, तिथून हंपी तेरा किलोमीटर आणि बस वारंवार, किंवा हंपी गावातली घरगुती खोली, थोडी महाग, पण पहाटे आणि संध्याकाळी देवळं पायाखाली. मी गावात राहा म्हणेन. गावात मांसाहार आणि दारू मिळत नाही, हे गटात आधीच सांगून ठेवा. नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीवरच्या झोपड्या आणि कॅफेंची वर्णनं अजूनही सापडतील. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये ती बांधकामं पाडली गेली, त्या भरवशावर जाऊ नका.

बुधवारचा दिवस चालण्याचा आणि वाटाड्याचा. पहाटे मातंग टेकडी, पण बरोबर माहीतगार असेल तरच, अंधारात एकटं-दुकटं नको. मग हंपीचं विरूपाक्ष मंदिर; मागच्या अंगाला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते ती बघा. भिंतीतल्या लहानशा भोकातून येणारा उजेड हे करतो. तिथून हेमकूट टेकडी, आणि नदीकाठच्या पायवाटेनं, अच्युतराय मंदिरावरून, विठ्ठल मंदिर. रिक्षानं वळसा घालून जाता येतं, पण पायवाटच घ्या. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ इथलाच. आपल्या वारकरी परंपरेत सांगतात की पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. इथे उभं राहून ती कथा आठवते आणि घसा दाटतो. मंदिरातले नाद करणारे खांब वाजवायला बंदी आहे. कुणी पैसे घेऊन वाजवून दाखवतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी राणीवशाच्या आवाराला आणि कमलापूरच्या संग्रहालयाला चालतं, म्हणून फेकू नका, दुपारी तिकडे जा.

गुरुवारी सायकली भाड्यानं घेऊन राजवाड्याचा परिसर: हजारराम मंदिरावर रामायण भिंतीभर ओळीनं कोरलं आहे, महानवमीचा चौथरा, पायऱ्यांची पुष्करिणी. वेळ असेल तर होडीनं नदी ओलांडून आनेगुंदी. पलीकडे सणापूरच्या बाजूला अंधार पडल्यावर निर्जन ठिकाणी थांबू नका.

मित्रांचा गट असला की एक गोष्ट हटकून घडते: कुणीतरी खांबावर, रथावर किंवा पडक्या भिंतीवर चढतो. हंपीतच काही तरुणांनी दगडी खांब ढकलून पाडला, त्याची चित्रफीत पसरली, आणि २०१९ मध्ये न्यायालयानं त्यांना प्रत्येकी सत्तर हजार दंड करून तो खांब पुन्हा उभा करायला लावला. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. निघण्याआधीच हे सगळ्यांसमोर बोलून घ्या.

पैशांसाठी वर्गणी काढा. निघतानाच माणशी चार हजार एकाकडे जमा, रोज रात्री पाच मिनिटं हिशोब. प्रत्येक चहाचे पैसे एकमेकांना पाठवत बसलात तर वैताग येतो. ऐहोळ्यात नेटवर्क दगा देतं, हजार-दोन हजार सुटे जवळ ठेवा. दिवसातले दोन तास ज्याला जे हवं ते करायला मोकळे ठेवा. फोटोवाला मागे राहतो, चहावाला पुढे जातो, आणि कुणाचं कुणाशी बिनसत नाही.

कुणाला बौद्ध वारसा बघायचा असेल आणि गटाचं मत तिकडे झुकलं, तर याच खर्चात भोपाळला मुक्काम करून सांची, विदिशेजवळच्या उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्या आणि आदिम चित्रांच्या भीमबेटकाच्या गुहा होतात. तिथेही तत्त्व तेच: मुक्काम कमी, अंतरं लहान.

गुरुवारी रात्री होसपेटेहून परतीची गाडी धरलीत की शुक्रवारी पुण्यात, आणि शनिवार-रविवार हातात उरतो. थकवा नसेल तर तेव्हा, नाहीतर पुढच्या महिन्यात, वेरूळचं कैलास लेणं करा. राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, आणि पट्टदकलच्या विरूपाक्षाशी त्याच्या रचनेचं नातं आता तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.